मामाची खोटं पकडणारी पेटी

माझा मामा वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानातले, गोदामातले, दवाखान्यात तान्ह्या बाळांना ठेवतात ते, सगळे. खांद्याला हत्यारांची पिशवी आणि हातात पितळी वजनांची जड पेटी घेऊन तो दुकानात शिरला की दुकानदाराच्या कपाळावर आठी यायची. हा काटा कुठल्या बाजूला झुकवून जाईल याचा नेम नाही, असं त्याला वाटायचं. रांगेतली गिऱ्हाईकं डोळे बारीक करून बघायची, की हे दोघं मिळून आपल्याला कसं लुबाडतायत. अशा नजरांखाली माणूस वर्षानुवर्षं काम करत राहिला की त्याची स्वतःची नजरही तशीच होत जाते. मामाची झाली होती.

बाजारातून आणलेली प्रत्येक पिशवी घरी आली की आधी त्याच्या काट्यावर चढायची. थर्मामीटरवर ताप दिसला तर तो शेजाऱ्यांचा थर्मामीटर मागून आणायचा आणि दोन्ही जुळले तरच आजारी पडायचा. मामी त्याला म्हणायची, "अहो, मलाही एकदा ठेवा त्या काट्यावर. लग्नात दाखवली होती तेवढीच हातात पडलीय का, बघून घ्या."

माझी पहिली नोकरी मामाच्या गावात लागली म्हणून मी त्यांच्याकडे राहायला होते. त्यामुळे पेटीचं सगळं प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

दर रविवारी दुपारी मामाकडे पत्त्यांचा डाव बसायचा. चौघंजण शाळेपासूनचे दोस्त. चष्म्याचं दुकान असलेले चष्मेवाले काका, गाडी चालवायला शिकवणारे मास्तर, पाट्या रंगवणारे लांबूकाका आणि मामा. मामाला ते 'काट्या' म्हणायचे. जेवणाचं टेबल मोकळं करून त्याच्याभोवती चौघं बसायचे, आणि डाव रंगात आला की चष्मेवाले काकांची हातचलाखी सुरू व्हायची. मामाला पान ओढायला लावायचे, गड्डीत घालायला लावायचे, पिसायला लावायचे, आणि तेच पान शेवटी मामाच्याच शर्टाच्या खिशातून निघायचं. बाकीचे दोघं टेबल बडवून हसायचे. मामा मात्र हसायचा नाही. जगात कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस, आणि त्यालाच नेमकं दर रविवारी बनवलं जात होतं.

"एकदा या चष्म्याला असा चक्रावून सोडतो की बघत राहील," असं तो पानं गोळा करताना पुटपुटायचा.

आणि एका सुट्टीच्या सकाळी तो खरंच कामाला बसला.

एका बाद झालेल्या काट्याची प्लास्टिकची पेटी त्याने घेतली. तिच्या वरच्या बाजूला स्टीलचे दोन चकचकीत पत्रे बसवले, उजव्या हाताला एक आणि डाव्या हाताला एक. मध्ये लाल दिवा. पुढच्या बाजूला काचेची खिडकी कापून आत रंगीत वायरींचं असं काही जंजाळ रचलं की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाने विमानाचं पोट उघडलंय. त्या पत्र्यांनाही जाड वायरी लावल्या होत्या. पण त्या वायरी आत जाऊन कुठेच पोचत नव्हत्या, नुसत्याच गोंदाने चिकटवलेल्या होत्या.

"मग दिवा कसा लागणार?" मी विचारलं.

मामाने बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, बारीकशी काचेची नळी माझ्यासमोर धरली. आत दोन पातळ पात्या होत्या, टोकं एकमेकींना लागतील न लागतील अशी. त्याने टेबलाखालून चुंबक जवळ आणला तशा पात्या टिक्‌ करून एकमेकींना चिकटल्या. चुंबक दूर नेला, सुटल्या.

"याला रीड स्विच म्हणतात. बॅटरी, ही नळी आणि दिवा, एवढंच खरं. बाकी सगळा देखावा."

नळी त्याने पेटीच्या तळाशी, कडेला लागून बसवली. चुंबक जुन्या लाउडस्पीकरमधून काढला. पहिला फार अशक्त निघाला, टेबलाच्या फळीतून त्याची ताकद वर पोचेना. मग कुठल्याशा भंगारातून त्याने दुसरा मिळवला. तो इतका जोरकस होता की मामीची कात्री हातातून ओढून घेतली त्याने. हा चुंबक त्याने गुडघ्याच्या पट्ट्यात बसवला. गुडघेदुखीवाले घालतात तसला लवचिक पट्टा, वरून पँट. गुडघा टेबलाखाली टेकवला की दिवा लागायचा, खाली घेतला की विझायचा. पेटी नेमकी कुठे ठेवायची ते कळावं म्हणून त्याने टेबलक्लॉथच्या नक्षीतलं एक फूल हेरून ठेवलं.

"मामीला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "तिच्या चेहऱ्यावरून या लोकांना कळेल."

त्या रविवारी पेटी टेबलावर आली. मामा शांतपणे म्हणाला, "दोन्ही हात पत्र्यांवर ठेवायचे आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं. खोटं बोललं की हाताला सूक्ष्म घाम येतो. तो हिला कळतो."

"काट्या, तुला घाम फुटला तरी तुला कळत नाही, पेटीला कुठून कळणार?" चष्मेवाले काका म्हणाले.

पहिले मास्तर बसले. मामाने विचारलं, "शिकवताना गाडी कधी कुणाच्या भिंतीला घासलीस?"

"कधीच नाही," मास्तर छाती काढून म्हणाले.

दिवा लागला.

असा काही हलकल्लोळ उडाला! मास्तर हात झटकत उठले आणि एका निवृत्त हेडमास्तरांच्या कंपाउंडची हकीकत स्वतःहून सांगून मोकळे झाले. लांबूकाकांनी पुन्हा पुन्हा हात ठेवून पाहिले. खरं बोलले की दिवा गप्प, थाप मारली की लाल. थाप कुठली हे मामाला चेहऱ्यावरून कळतच होतं. शाळेपासूनचे दोस्त, एकमेकांच्या थापा त्यांना पाठ होत्या.

सगळ्यात मजा आली ती चष्मेवाले काकांची. त्यांनी हात धुऊन, पुसून, रुमाल टाकून, एकेक बोट उचलून करून पाहिलं. शेवटी म्हणाले, "उघडतो मी ही."

"उघड की," मामा म्हणाला.

काकांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि वायरी एकेक करून तपासल्या. ती काचेची नळीही बघितली. "हा फ्यूज," म्हणाले, आणि पुढे गेले. मी तोंडावर ओढणी धरून स्वयंपाकघरात पळाले.

पुढचे कित्येक रविवार मामा राजा होता. काका आठवडाभर विचार करून नवी शंका घेऊन यायचे. बॅटरीत आहे, खिडकीच्या काचेत आहे, मामा श्वास रोखतो त्यात आहे. सगळं तपासलं जायचं आणि सगळ्यातून मामा निर्दोष सुटायचा.

पण घरात दुसरीच चौकशी चालू झाली होती. गुडघ्याचा पट्टा मामीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"अहो, गुडघा रविवारीच कसा दुखतो?"

"आठवडाभर जिने चढतो ना. रविवारी बसलं की जाणवतं."

"बसलं की जाणवतं, आणि पाहुणे गेले की बरं वाटतं?"

 मामा बाहेर निघाला की मामी खिडकीतून त्याची चाल बघायची. एकदा मला हळूच म्हणाली, "तुझा मामा माझ्यापासून काहीतरी लपवतोय. डॉक्टरने काही वाईट सांगितलं नाही ना गं?" मला सांगावंसं वाटत होतं, पण शब्द दिला होता. शेवटी पट्टा धुवायला म्हणून तिने उचलला आणि तो जाऊन खण्णकन फ्रिजला चिकटला. मामीने तो तिथेच राहू दिला. मामा आला, त्याने फ्रिजकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं.

"दोस्तांना फसवताय ते फसवा," मामी म्हणाली. "पण हे लोक आता तुमच्या पेटीला खरी मानायला लागलेत. वरच्या मजल्यावरची परवा विचारत होती, नवऱ्यासाठी एक दिवस मिळेल का म्हणून."

"मी सांगेन, बॅटरी उतरलीय."

"बॅटरी उतरेल हो. लोकांच्या डोक्यातून कशी उतरणार?"

मामाने ते हसण्यावारी नेलं.

मग तो रविवार आला. त्या दिवशी डाव नेहमीसारखा रंगलाच नव्हता. लांबूकाका आल्यापासून गप्प होते. सगळ्यांचा चहा झाल्यावर ते म्हणाले, "काट्या, पेटी आण. आज मी विचारणार."

आणि त्यांनी जे विचारलं त्याने टेबलावरचं हसू पुसूनच गेलं.

लांबूकाकांची पूर्वी एक शेड होती. चष्मेवाले काकांच्या घरामागे पत्र्याची, तिथे ते मोठमोठ्या पाट्या रंगवायचे. एके दिवशी अतिक्रमण म्हणून नगरपालिकेची माणसं आली आणि दुपारपर्यंत शेड जमीनदोस्त झाली. कुणीतरी फोन करून तक्रार केली एवढंच त्यांना कळलं होतं. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर लांबूकाका लोकांच्या दुकानांसमोर, उन्हात, शिडीवर उभे राहून पाट्या रंगवू लागले. त्या विषयावर ते कधी बोलत नसत.

"माझ्या शेडची तक्रार आपल्यापैकी कोणी केली होती का, एवढंच मला विचारायचंय," लांबूकाका म्हणाले. "रागावणार नाही. नुसतं कळू दे."

मामाने तेव्हाच पेटी बाजूला सारायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्यालाही उत्सुकता होती. त्याने मनाशी ठरवलं, की आपण गुडघा अजिबात हलवायचा नाही. सगळे 'नाही' म्हणतील, दिवा लागणार नाही, लांबूच्या मनातली अढी जाईल. झालंच तर चांगलंच होईल.

मास्तरांनी हात ठेवले. "मी नाही." दिवा गप्प. मामाने ठेवले. "मी नाही." दिवा गप्प.

चष्मेवाले काकांनी नाकावरचा चष्मा काढला, चष्म्याच्या घरात घालून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पत्र्यांवर टेकवले.

"मी नाही," पेटी स्वतःकडे जरा ओढत ते म्हणाले.

दिवा लागला.

मी दारातच उभी होते. आधी माझी नजर मामाकडेच गेली. त्याचे दोन्ही पाय खुर्चीखाली मागे ओढलेले मला स्पष्ट दिसत होते, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

 चष्मेवाले काकांनी हात असे उचलले जसं काही पत्रे तापलेत. चष्मा उचलला, उठले आणि चपला घालून निघून गेले. दिवा विझला होता. लांबूकाका बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले, मग तेही गेले. मास्तर जाताना मामाला म्हणाले, "काय यंत्र बनवलंस रे तू." ते कौतुक होतं की काय होतं, कळलं नाही.

त्या दिवसापासून मामाची झोप उडाली.

गुडघा त्याने लावला नव्हता. मग दिवा लावला कोणी? आधी त्याने पेटी सोडवली. बॅटरी, नळी, दिवा, सगळं ठीक. हलवून पाहिलं, आपटून पाहिलं, उन्हात ठेवलं. दिवा आपणहून लागेना. म्हणजे टेबलाशी बसलेल्यांपैकीच कोणाजवळ तरी चुंबक होता. कोणीतरी त्याची युक्ती ओळखली होती आणि वेळ साधून वापरली होती.

"मास्तर मागे एकदा पान पडलं म्हणून टेबलाखाली वाकला होता," तो मला म्हणाला. "बराच वेळ वाकला होता."

"पण मास्तरकाका असं का करतील?"

"तेच तर बघायचंय."

मग संशय लांबूकाकांवर गेला. प्रश्न त्यांनीच काढला, तोही अचानक. चष्म्यावर त्यांचा आधीपासून संशय असेल, सगळ्यांसमोर त्याला उघडं पाडायला त्यांनीच चुंबक आणला असेल. दुसऱ्या दिवशी तर पाळी मामीवर आली. पट्ट्याचं गुपित तिला ठाऊक होतं, आणि चहा देताना ती टेबलाजवळ आली होती.

"मी?" मामी म्हणाली. "मला दुसरे उद्योग नाहीत वाटतं? आणि चुंबक काय पदराला बांधून फिरते मी?"

"बांधलेला नव्हता ना?"

मामीने त्याला चहाच दिला नाही त्या दिवशी.

यापेक्षा चमत्कारिक गोष्ट पुढे झाली. संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. मामा एकदम म्हणाला, "पण समजा, तो खरंच खोटं बोलला असेल तर?"

"कोण?"

"चष्म्या. तक्रार त्यानेच केली असेल तर? शेड त्याच्याच घरामागे होती. आणि बघ ना, एका शब्दाने वाद घातला नाही. उठला नि गेला. खरा माणूस भांडला असता."

"मामा, त्या पत्र्यांच्या वायरी आत कशालाच जोडलेल्या नाहीयेत," मी म्हटलं. "तुम्हीच तर चिकटवल्यात गोंदाने."

"ते मला माहितेय गं," तो चिडून म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा पुटपुटला, "पण दिवा लागला ना."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. सगळ्या जगाला काट्यावर तोलून घेणारा हा माणूस स्वतःच्या हाताने केलेल्या खोट्या पेटीवर विश्वास ठेवायला निघाला होता.

या सगळ्यात माझा एक चष्मा चष्मेवाले काकांकडे टाकलेला होता. तो तयार झाल्याचा निरोप आला, म्हणून कचेरीतून येताना मी तो आणला. दुकानात काका नव्हते, कामावरच्या मुलीने दिला. घरी आले, मामा टेबलाशी ती पेटी पुढ्यात घेऊन बसलेलाच. मी चष्मा डोळ्यांना लावून बघितला आणि त्याचं नवं घर टेबलावर ठेवलं, पेटीच्या शेजारी.

दिवा लागला.

 मामाने ते घर दोन बोटांनी उचललं. दिवा विझला. पुन्हा पेटीच्या कडेला टेकवलं. लागला. त्याने घराचं झाकण उघडून हातानेच अर्धवट मिटलं, तसं ते उरलेलं अंतर आपलं आपण मिटलं. टप्‌.

"चुंबक," मामा म्हणाला. "झाकणात चुंबक आहे याच्या."

जुनी घरं चेनची असायची. ही नवी आली होती, आणि काकाही आता हीच वापरत होते. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून घरात घातला, टेबलावर ठेवला आणि पेटी स्वतःकडे ओढली, ती जाऊन नेमकी त्या घराला टेकली. निघताना घर उचललं तसा दिवा विझला. कोणी काहीही केलेलं नव्हतं.

मामीने स्वयंपाकघरातूनच ऐकलं होतं. बाहेर येऊन ती म्हणाली, "आता माझी माफी नंतर मागा. आधी त्या बिचाऱ्याकडे जा. आणि ही बरोबर येईल, म्हणजे वाटेतून परत फिरणार नाही तुम्ही."

आम्ही गेलो तेव्हा चष्मेवाले काका दुकानात परतले होते आणि काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू बसवत होते. मामाने पेटी काउंटरवर ठेवली. काकांचा हात थांबला.

"आता काय विचारायचंय?" ते म्हणाले.

"विचारायचं काही नाही. दाखवायचंय."

मामाने सगळं दाखवलं. गोंदाने चिकटवलेल्या वायरी उचकटल्या, नळी दाखवली, खिशातून गुडघ्याचा पट्टा काढला, आणि शेवटी काउंटरवरचं एक चष्म्याचं घर उचलून पेटीला लावलं. दिवा लागला. काढलं, विझला. मामाच्या कपाळावर घाम आला होता.

"तुझी काही चूक नाही रे," तो म्हणाला. "मी आत्ता लांबूकडे जातो आणि त्याला हेच दाखवतो. पेटीला काही कळत नाही. ती काहीही बोलली तरी ते खरं नाही."

काका त्या नळीकडे बघत होते. भिंग घेऊन त्यांनी ती पुन्हा पाहिली.

"मी याला फ्यूज म्हटलं होतं," ते म्हणाले. मग हळूच, "म्हणजे हिला काहीच माहीत नव्हतं?"

"काहीच नाही."

"काट्या, मी काल लांबूकडे जाऊन आलो."

मामाला क्षणभर कळलंच नाही.

"तक्रार मीच केली होती," काका म्हणाले. "मला वाटलं, पेटीने पकडलंच आहे, आता लपवून काय होणार. जाऊन सांगून टाकलं."

त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. शेडमधल्या रंगाच्या आणि थिनरच्या वासाने तिला धाप लागायची, रात्र रात्र बसवून ठेवावं लागायचं. काकांनी लांबूकाकांना दोनदा सांगून पाहिलं. लांबूकाकांनी पाठीवर थाप मारून हसण्यावारी नेलं होतं. मग काकांनी फोन उचलला. त्यांना वाटलं, फार तर ताकीद देतील. शेड पाडतील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पाडली तेव्हा सगळी गल्ली मदतीला धावली आणि काका आतून कडी लावून बसले.

"मग लांबू काय म्हणाला?" मामाने विचारलं.

"पहिल्यांदा काहीच नाही. मग म्हणाला, धापेचं मला सांगायचंस. मी म्हटलं, सांगितलं होतं, तू हसलास. तो म्हणाला, हसलो असेन." काका स्क्रू शोधत बसले, तो त्यांच्या हातातच होता. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे. मला फाटकापर्यंत सोडायला आला."

 परतताना वाटेत थांबून मामा म्हणाला, "लांबूला पेटीचं सांगायलाच हवं." मला वाटलं होतं, आता कशाला सांगायचं, जे व्हायचं ते चांगलंच झालंय. पण तो वळलाच.

लांबूकाका एका औषधांच्या दुकानासमोर शिडीवर होते. एक अक्षर पुरं होईपर्यंत त्यांनी खाली बघितलं नाही. मग उतरले आणि मामाचं सगळं सांगणं उभ्यानेच ऐकून घेतलं. ब्रश हातात तसाच, रंग बोटांवर ओघळत होता.

"म्हणजे एवढे दिवस," ते म्हणाले, "तूच दिवा लावत होतास. गुडघ्याने."

"गंमत म्हणून रे."

"आणि त्या दिवशी मी जीव मुठीत धरून विचारत होतो, तेव्हाही तुला माहीत होतं की ही नुसती डबी आहे. तू बसून बघत होतास."

"मी गुडघा लावला नाही. शपथेवर सांगतो."

"ते मी कशावरून मानू?" लांबूकाका म्हणाले. मामाकडे एवढ्या थंडपणे बघताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. "चष्म्याने मला एकदा फसवलं, आणि ते त्याच्या पोटात इतकी वर्षं डाचत राहिलं. तू दर रविवारी फसवलंस, आणि दर रविवारी हसलास. कदाचित तुला चष्म्याचं ठाऊकही असेल. कदाचित तूच ठरवून लावला असशील दिवा."

मामाने चष्म्याच्या घराची गोष्ट पुन्हा सांगितली. झाकणातल्या चुंबकाचं सांगितलं. स्वतःचं बोलणं किती लटकं वाटतंय हे त्याला बोलतानाच कळत असावं, कारण मध्येच तो थांबला. लांबूकाका पुन्हा शिडी चढून गेले.

पुढचे रविवार मामाचं टेबल रिकामं राहिलं. डाव मास्तरांकडे हलला होता. लांबूकाका आणि चष्मेवाले काका तिथे शेजारी शेजारी बसतात, असं मास्तर स्वतःच भाजी घ्यायला आले की मामीला सांगून जायचे. मामा खिडकीत बसून काटे जुळवत राहायचा. पेटीतला दिवा आणि बॅटरी त्याने काढून घेतली आणि बाकीचं भंगारात टाकलं. बाजारातली पिशवी मात्र अजूनही काट्यावर चढायची. मामी म्हणायची, "तुम्हाला आता कळलं का, तोलून घेतलं जाताना कसं वाटतं?" तो पारडं पुसत राहायचा.

बऱ्याच दिवसांनी एका रविवारी मास्तर दारात येऊन उभे राहिले. "चल. तिघांत डाव जमत नाही. पण अट आहे."

मी मामाबरोबर गेले. मास्तरांकडे टेबल नव्हतं, खाली सतरंजी घातली होती. चष्मेवाले काकांनी मामाला जागा करून दिली. लांबूकाका पत्ते पिसत होते.

"पँट वर कर," ते म्हणाले.

मास्तर हसले, चष्मेवाले काकाही हसले. मामाने मुकाट्याने दोन्ही पायांची पँट गुडघ्यांवर सरकवली. लांबूकाकांनी पुढे वाकून आधी एक गुडघा पाहिला, मग दुसरा, मग पोटऱ्यांची मागची बाजू. मग बाह्या वर करायला लावल्या.

"नीट बघ," मामा म्हणाला.

"बघतोय," लांबूकाका म्हणाले, आणि मग कुठे त्यांनी त्याला पानं वाटली.

ही तपासणी पुढे कितीतरी रविवार चालली. सगळे तिला थट्टाच म्हणायचे, मामाही आल्याबरोबर आपणहून पँट वर करायचा. पण मी जितक्यांदा तिथे होते तितक्यांदा लांबूकाकांचे डोळे बघितले. ते बघायचे ते खरंच बघायचे.